घोंगड्याखालचे स्पीकर

चाचा,

काल दुकानात एक नवी कोरी गाडी आली होती. तुम्ही असता तर आधी बॉनेटवरून हात फिरवला असता आणि मग म्हणाला असता, "झकपक लई हाय, आत काय हाय त्ये दाव." आत इतके स्पीकर होते की मोजताना माझाच गोंधळ उडाला. बटण एक नाही. समोर काच, काचेवर गाडीचं चित्र आणि चित्रात एक ठिपका. ठिपका बोटानं पुढं सरकवला की आवाज पुढं येतो, मागं सरकवला की मागं जातो. ज्याची गाडी तो पोरगा म्हणाला, "म्याडम, म्हागं बसल्याली समदी कानात बोटं घालत्यात. काय बिघडलंय बघा की." बिघडलं काहीच नव्हतं, ठिपका फक्त फार मागं सरकला होता. मी मागच्या सीटवर जाऊन बसले, दार ओढून घेतलं, आणि तुमची फार आठवण आली. तशी ती रोजच येते, पण काल जरा जास्त आली, म्हणून आज वही-पेन घेऊन बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता पत्र लिहिणं म्हणजे वेडेपणाच. पण शहाणपणा मला तुमच्या दुकानात कुणी शिकवला नव्हता, ओहम शिकवले होते.

मी तुमच्याकडं आले तेव्हा ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती आणि मी आयटीआयमधून रेडिओ-टीव्हीचा ट्रेड पुरा केला होता, आमच्या वर्गातली एकटी मुलगी. प्रमाणपत्र हातात होतं आणि काम कुणी देत नव्हतं. रेडिओवाले म्हणायचे गिऱ्हाईक बिचकेल, गाडीवाले म्हणायचे पोरगी गाडीखाली कशी शिरणार. आमचे बाबा हायस्कुलात गणित शिकवायचे आणि घरचा जुना रेडिओ कायम तुमच्याकडून दुरुस्त करून आणायचे, एवढीच ओळख. तेवढ्या ओळखीवर ते मला घेऊन स्टँडमागच्या गल्लीत तुमच्या दुकानात आले. बाबांनी चाचरत विषय काढला, गाडीखाली शिरण्याची अडचणही स्वतःच सांगून टाकली. तुम्ही एका अँबॅसिडरच्या डॅशबोर्डात डोकं घालून बसला होता. डोकं बाहेर न काढताच म्हणालात, "गाडीखाली कशाला जायचंय मास्तर? टेप काय चाकाला बांधत्यात व्हय?" झाली माझी मुलाखत.

त्या काळात गाडीत टेप म्हणजे मोठी मिजास होती. टॅक्सीवाले पोटाला चिमटा घेऊन टेप बसवायचे आणि बसवला की त्यांना चारी बाजूंनी आवाज हवा असायचा. सेट डाव्या-उजव्या दोनच वाटांनी आवाज द्यायचा, स्पीकर मात्र चार पाहिजेत. मग कुठूनतरी स्वस्तातले चार ओहमचे स्पीकर आणून एका वाटेवर दोन समांतर जोडले की दोन ओहमच उरायचे, आणि सेट जोतिबाचा डोंगर चढेपर्यंत तव्यासारखा तापायचा. ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा, पण गिऱ्हाइकांना वाटायचं आकडा कमी म्हणजे सेटवर ओझं कमी. तुम्ही सगळ्यांना एकच दाखला द्यायचात. "ओहम कमी म्हंजे उतार जादा. उतारावर गाडी पळतीया, लई झ्याक वाटतंय, पण खाली ब्रेक जळतंय त्येचं काय?" तुमचा हिशेब ठरलेला होता. पुढचा आठ ओहमचा, मागचा आठ ओहमचा, दोन्ही मिळून सेटला चार दिसले पाहिजेत, त्याखाली एक दोरा नाही. स्पीकरवरच्या छापील आकड्यावर तुमचा काडीचा विश्वास नव्हता. प्रत्येक स्पीकर मीटरला लावूनच आत घ्यायचात आणि मनासारखा नसला की गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यायचात, मग तो कितीही गयावया करो. गणितात मी मास्तरांची मुलगी, त्यामुळं हे सगळं मला दोन दिवसांत पाठ झालं आणि मी हवेत तरंगायला लागले.

ते तरंगणं तुम्ही लगेच उतरवलंत. पहिल्याच आठवड्यात मी एका जीपचे मागचे दोन स्पीकर जोडले, ओहम बरोबर, सोल्डर चकचकीत. टेप सुरू केला तर ढोलकीचा ठेका गायब. गाणं नुसतं पातळ, पाणी घातलेल्या आमटीसारखं. तुम्ही टॉर्चमधला एक सेल काढलात, तारा स्पीकरला टेकवल्यात. एकाचा कागदी पडदा बाहेर फुगला, दुसऱ्याचा आत गेला; एकाच्या तारा उलट्या लागल्या होत्या. "ह्यो म्हंतोय चल, त्यो म्हंतोय थांब," तुम्ही म्हणालात, "एकाच गाडीला दोन बैल उलट्या तोंडानं जुपलीस की गं. कागदावर गणित सुटलं म्हंजे काम झालं न्हवं. बसून ऐकायचं." गल्लीतली माणसं हसली. मला रडू आलं होतं आणि ते तुम्हाला दिसलं होतं, म्हणून तुम्ही चहा सांगितलात. तुमची समजूत काढायची पद्धत एवढीच होती, चहा.

बसून ऐकण्याचा मान मात्र फक्त तुमचा होता. सगळी जोडणी झाली की तुम्ही ड्रायव्हरच्या जागेवर बसायचात, डोळे मिटायचात आणि डॅशबोर्डाखालचा पुढचा-मागचा आवाज जुळवणारा कंट्रोल अगदी केसभर फिरवायचात. जुळला की त्याचं बटण उपसून काढायचात आणि दांडीवर चाचीच्या नेलपॉलिशचा एक लाल थेंब सोडायचात. वाळला की कुणाच्या बापाला तो हलायचा नाही. गिऱ्हाईक विचारायचं, "चाचा, बटण तरी ऱ्हाऊ द्या की." तुम्ही म्हणायचात, "कशाला? दुधात मीठ टाकायला?" माझ्या पाहण्यात असा थेंब दुसऱ्या कुठल्या दुकानात नव्हता. लाल ठिपका म्हणजे चाचांचं काम, टॅक्सी स्टँडवर ही ओळख होती आणि तिचा तुम्हाला अभिमान होता, तो तुम्ही लपवतही नव्हता.

दोनेक वर्षांनी आईचा जोतिबाचा नवस होता म्हणून आम्ही स्टँडवरची टॅक्सी केली. टॅक्सी त्या मिशाळ ड्रायव्हरांची, जे दर महिन्याला तुमच्याकडं टेपचं हेड साफ करून घ्यायला यायचे आणि तासभर गप्पा ठोकून जायचे. मी मागं बसले आणि मान वळवली तर मागच्या काचेखालच्या फळीवर, बरोबर स्पीकरवर, घोंगडं घडी घालून ठेवलेलं. आवाज आतून येत होता, कुणी रजईत तोंड घालून गावं तसा. मी घोंगडं उचललं मात्र, आई दचकून खिडकीला चिकटली. एवढा मोठा आवाज की कानाच्या पाळ्या थरथरल्या. ड्रायव्हरांनी घाईघाईनं टेप बारीक केला आणि आरशातून माझ्याकडं बघत म्हणाले, "ताई, ऱ्हाऊ द्या त्ये घोंगडं तितंच. आन् चाचास्नी न्हाय सांगायचं बरं का." मी विचारलं, कधीपासून? तर म्हणाले, वर्ष होऊन गेलं. स्टँडवरच्या बहुतेक गाड्यांत हेच होतं. कुणाचं घोंगडं, कुणाचा टॉवेल, एकानं तर बायकोचं जुनं लुगडं कोंबलेलं. दुकानाकडं यायचं झालं की गल्लीच्या तोंडाशी थांबून ते काढून डिकीत टाकायचे, आणि काम झालं की त्याच वळणावर पुन्हा फळीवर ठेवायचे. कोल्हापूरची माणसं, ज्यांना तोंडावर बोलल्याशिवाय घास गिळवत नाही, ती वर्षभर गप्प राहिली होती. मला हसावं की रडावं कळेना.

काय झालंय ते मला डोंगर उतरेपर्यंत कळलं. तुम्ही पुढं बसून ऐकत होता. कान मंद होत चालले तसा मागचा आवाज तुमच्यापर्यंत पोचेना आणि तो पोचावा म्हणून तुम्ही दर गाडीला, साफसफाईला आलेल्या जुन्या गाड्यांनाही थेंब खरवडून, मागचा थोडा थोडा वाढवत गेलात. पुढं बसणाऱ्याला सगळं ठीक. मागं बसणारे, म्हणजे बहुतेक गाड्यांतल्या बायका, म्हातारी, पोरं, त्यांची डोकी उठायची. आणि मी तरी एवढे दिवस काय केलं होतं? दुकानात मी जोडणी करायचे आणि तुम्ही ऐकायला बसलात की बाजूला उभी राहायचे. मागं बसायला मला कुणी सांगितलंच नव्हतं.

चाचीला आधीच माहीत होतं. दुपारी तुम्ही नमाजाला गेलात की मी दुकानामागच्या तुमच्या स्वयंपाकघरात चाचीजवळ डबा खायचे. मी सांगायला तोंड उघडलं तेव्हा त्या तांबडा रस्सा ढवळत होत्या. "मला काय सांगतीस?" त्या म्हणाल्या, "घरात रेडिओ असा लावत्यात की शेजारीण बातम्या आमच्यातच ऐकतीया. तिनं तर आपल्या रेडिओचं सेल आणायचं बंद केलंय." मग चमचा खाली ठेवून हळू आवाजात म्हणाल्या, "कान गेला म्हणून कळलं तर दुकानात बसायचं न्हाईत. आन् दुकानात न्हाई बसलं तर ह्यो माणूस जगायचा न्हाई, पोरी. झाकली मूठ ऱ्हाऊ दे." मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणालाच नव्हती. मलाही नव्हती. मी ताटातली भाकरी रश्श्यात मोडत राहिले. तुमच्याशिवाय ते दुकान कसं दिसेल, तेच डोळ्यांपुढं येत होतं.

मूठ उघडली शिरोलीच्या त्या फौंड्रीवाल्यांनी. नवी गाडी, तुमच्या हातचा सेट, लाल थेंब. चार दिवसांत परत आले. त्यांना घोंगड्याची रीत कुठून माहीत असणार? दुकानात माणसं होती, मिशाळ ड्रायव्हरही होते. फौंड्रीवाले दारातूनच म्हणाले, "चाचा, आमच्या आईनं गाडीत बसायचं सोडलं. म्हंती, ह्या गाडीपरास एष्टी बरी. तुमास्नी ऐकू येतंय का न्हाय?"

आणि तुम्ही हातातली पक्कड तशीच धरून, हसऱ्या तोंडानं विचारलंत, "काय म्हणालासा?"

फौंड्रीवाल्यांचा चेहरा उतरला, ते वाईट माणूस नव्हते. पण प्रश्न विचारला गेला होता आणि उत्तर सगळ्यांना मिळालं होतं. तुम्ही आमच्या तोंडांकडं एकेक करून बघितलंत. माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलंत. मग त्या गाडीत जाऊन बसलात, आणि पहिल्यांदाच मागं बसलात. मला टेप लावायला खूण केलीत. थोड्या वेळानं बाहेर आलात, त्यांचा कंट्रोल मला जुळवून द्यायला सांगितलंत आणि शटर अर्धं ओढून घरात गेलात. दुसऱ्या दिवशी ते उघडलं नाही. त्याच्या पुढच्याही दिवशी नाही. चाचींनी मला आत घेतलं तर तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडला होता. म्हणालात, "दुसरीकडं काम बघ पोरी. मी चिठ्ठी देतो. आंधळ्यानं मोती ववू न्हाईत." मी म्हणाले, मला कुठं जायचं नाही. तुम्ही म्हणालात, "ऐकू आलं न्हाय." आलं होतं. चांगलं ऐकू आलं होतं तुम्हाला.

मीच मग स्टँडवर गेले. काय सांगितलं ते आठवत नाही, बहुधा भांडलेच असेन. "तुम्ही सगळ्यांनी घोंगडी घातलीत, आता निस्तरा," म्हणाले त्यांना. दुपारच्या वेळी गल्लीत टॅक्सी लागल्या, हॉर्न वाजवून वाजवून त्यांनी तुम्हाला ओट्यावर आणलं. हॉर्न ऐकू येतो का बघतायत, असं चाची पुटपुटल्या. मिशाळ ड्रायव्हरांनी घोंगडं खांद्यावर टाकलं होतं. त्यांनी ते तुमच्या समोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. तुमचा चेहरा असा लाल झाला की मला वाटलं आता हाताला येईल ते फेकून मारता. "म्हंजे वरीसभर माझी कीव करत हुतासा समदी?" तुम्ही ओरडलात.

"कीव?" ते तुमच्याहून मोठ्यानं ओरडले. "चाचा, चंदगडात पावसात चार चार दिस गाडी उभी असतीया. दुसऱ्याच्या हातचा सेट पयल्या वर्साला जळतोय. तुमचा माझ्या गाडीत कवा बसवला त्ये मलाबी आठवत न्हाय, अजून गातोय. कीव आली आसती तर पल्याडच्या दुकानात गेलो नसतो? मागं घोंगडं टाकलं की भागतंय आमचं. सेट जळल्याव काय टाकायचं, डोस्कं?"

खरं होतं ते. तुमचा ओहमचा हिशेब कानावर नव्हता, तो हातात आणि मीटरवर होता, आणि त्याला काही झालेलं नव्हतं. गेलं होतं ते फक्त मागचं ऐकणं. तेव्हा मी बोलले. अंगात कुठून बळ आलं देव जाणे, पण मी म्हणाले, "चाचा, ओहम तुम्ही बघा. मागं मी बसते." तुम्ही माझ्याकडं वळून म्हणालात, "मला शिकवतीस व्हय गं?" मी म्हणाले, "व्हय." घरात आई असलं बोलणं ऐकती तर लाटणं घेऊन मागं लागली असती.

तुम्ही चपला घातल्यात, ओट्यावरून उतरलात आणि पहिल्या टॅक्सीत ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसलात. मी मागं बसले. टेप लावलात, दांडीवरचा लाल थेंब पात्यानं खरवडलात, कंट्रोल फिरवलात आणि आरशातून माझ्याकडं बघत विचारलंत, "काय म्हंतंय म्हागलं?" मी म्हणाले, जरा कमी. तुम्ही केसभर फिरवलंत. अजून थोडं. पुन्हा केसभर. मग पुढचं आणि मागचं गाणं एकमेकांत मिसळलं आणि कुठून येतंय तेच कळेनासं झालं, ढोलकी, पेटी, गळा, सगळं गाडीच्या मधोमध. "बरोबर हाय, चाचा," मी ओरडले. तुम्ही मान हलवलीत. त्या दिवशी स्टँडवरची एकेक गाडी आपण अशी नीट केली आणि प्रत्येक वेळी घोंगडं डिकीत जाताना टाळ्या पडल्या. फौंड्रीवाल्यांची आई पुढं स्वतः गाडीत बसून आल्या आणि मला बेसनाचे लाडू देऊन गेल्या. तुम्हाला दिले नाहीत, ते तुम्ही बरेच दिवस बोलून दाखवलंत.

आठ दिवसांनी तुम्ही मला कागदात गुंडाळलेली एक पुडी दिलीत. घरी उघडली तर नेलपॉलिशची लाल बाटली. आईनं भुवया उंचावल्या, "तुझे चाचा तुला नेलपॉलिश देतात?" मी तिला किती समजावलं, की थेंब सोडायचा अधिकार आहे हा, मानाचं काम आहे. ती म्हणाली, असेल, पण नखांना लावू नकोस. बाबांना मात्र कळलं. त्यांनी बाटली उजेडात धरून बघितली आणि चष्मा पुसत बसले.

त्यानंतर कितीतरी वर्षं तुम्ही काम केलंत. मुंबईहून तुमच्या मुलानं कानाचं यंत्र आणलं तेव्हा तुम्ही ते डबीत ठेवून म्हणालात, "माझा कान हाय की. म्हागं बसलाय." चाची पदराआड हसल्या होत्या. मला त्या वाक्याचा जो अभिमान आहे तो माझ्या प्रमाणपत्राचाही नाही. शेवटपर्यंत तुम्ही दुकानात बसलात, जसं चाचींना हवं होतं तसं. दुकान आता मी चालवते, पाटी तुमच्याच नावाची आहे. हाताखाली दोन मुली आहेत, गाडीखालीसुद्धा शिरतात, कुणी बिचकत नाही. त्यातली एक मीटर लावल्याशिवाय स्पीकर आत घेत नाही. तिच्याकडं बघितलं की वाटतं, हे सगळं बरं चाललंय, आणि पुढंही बरंच चालेल.

हे पत्र कुठं टाकायचं, मला माहीत नाही. कब्रस्तानात ठेवावं असं एकदा मनात आलं, पण तुम्ही म्हणाला असता, "कागद कशाला घाण करतीस?" त्यामुळं ते इथंच राहील. एक मात्र सांगते, जे मुलींना सांगितलेलं नाही. गाडी पुरी झाली की मी मागं जाऊन बसते, दार लावून घेते. त्यांना वाटतं, म्याडमना काम पसंत पडायला वेळ लागतो. पुढच्या सीटवर कुणी नसतं, कुणी काही विचारत नाही. तरी मी सांगते, "बरोबर हाय, चाचा." काल त्या पोराच्या गाडीतही, ठिपका पुढं सरकवून जुळवल्यावर, सांगितलं. जरा मोठ्यानंच सांगितलं, तुम्हाला ऐकू जावं म्हणून.